अंगातलीच अफू : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात पेनकिलरच्या सवयीबद्दल लिहिताना मी जाता जाता म्हटलं होतं की आपलं शरीर स्वतःच मॉर्फिनसारखी, म्हणजे अफूतून निघणाऱ्या पेनकिलरसारखी द्रव्यं बनवतं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. मी मेडिकल कॉलेजात फार्माकोलॉजी शिकवते, औषधं शरीरात जाऊन नेमकं काय करतात हा माझा रोजचा विषय, आणि त्यातला हा धडा मला सगळ्यात जास्त आवडतो. सगळी पत्रं घेता आली नाहीत. नावं कोणाचीच देत नाहीये, गावं तेवढी ठेवलीत.

फलटणहून एक ताई : आई 64 वर्षांची आहे. दोन्ही गुडघे झिजलेत, एक्स-रे काढलेत, घरात दोन पायऱ्या चढायच्या म्हटलं तरी आई गं, आई गं करते. पण आषाढीला माउलींच्या पालखीबरोबर आळंदीपासून चालते, दिवे घाट चढते, वाटेत फुगड्या घालते आणि एक गोळी घेत नाही! घरी आली की दुसऱ्या दिवसापासून पलंगावरून उठवत नाही. भाऊ म्हणतो सगळी नाटकं आहेत, काम टाळायची. मला पटत नाही, पण त्याला सांगू काय?

ताई, भावाला आधी हे सांगा की आई नाटक करत नाहीये, घाटातही नाही आणि घरातही नाही. दोन्ही वेळचं खरं आहे.

गुडघ्यातून निघते ती नुसती खबर. ती नसांमधून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत येते आणि तिथून वर मेंदूकडे जाते, पण किती जाऊ द्यायची आणि किती तिथंच दाबायची हे मेंदू वरून ठरवत असतो. मेंदूच्या खोडात मधोमध करड्या पेशींचा एक भाग आहे, तिथून खाली मज्जारज्जूपर्यंत तारा आलेल्या आहेत, आणि तो भाग जागा झाला की मज्जारज्जूत एन्केफॅलिन नावाचं द्रव्य सुटतं जे वर जाणारी दुखण्याची खबर वाटेतच मंद करतं. मॉर्फिनचं इंजेक्शनही याच जागांवर जाऊन बसतं. म्हणजे अफूच्या बोंडातला पदार्थ आपल्या अंगात काम करतो तो आपल्याकडे त्याच्यासाठीची जागा आधीपासून आहे म्हणून, आणि ती जागा अफूसाठी बनलेली नाही, आपल्या स्वतःच्या द्रव्यांसाठी बनलेली आहे.

हे शोधलं कसं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 1973 मध्ये अमेरिकेतल्या दोन आणि स्वीडनमधल्या एका प्रयोगशाळेनं वेगवेगळं दाखवलं की मेंदूत मॉर्फिन चिकटण्याच्या खास जागा, म्हणजे रिसेप्टर, आहेत. मग प्रश्न आला की निसर्गानं या कशाला ठेवल्या असतील? स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला हान्स कॉस्टरलिट्झ आणि जॉन ह्यूज हे दोघं याच्या मागे लागले. ह्यूज पहाटे सायकलवरून कत्तलखान्यात जायचे, डुकरांचे मेंदू आणायचे आणि त्याचा अर्क काढायचे. तो अर्क तपासायला त्यांच्याकडे होता गिनीपिगच्या आतड्याचा छोटासा तुकडा, विजेचा हलका झटका दिला की तो आकसायचा, मॉर्फिन टाकलं की आकसणं थांबायचं. मेंदूचा अर्क टाकला तरी थांबलं! आणि वरून मॉर्फिनचा उतारा असलेलं नॅलोक्सोन टाकलं की परत सुरू झालं. 1975 च्या डिसेंबरात त्यांनी एन्केफॅलिनची रचना जगापुढे ठेवली, अवघ्या 5 अमिनो आम्लांची साखळी. पुढच्याच वर्षी उंटाच्या पिट्युटरी ग्रंथीतून 31 अमिनो आम्लांचं बीटा-एंडॉर्फिन निघालं, 1979 मध्ये डायनॉर्फिन. ही तीन मुख्य घराणी.

आता आईकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या आन्झिओच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाचा अमेरिकन भूलतज्ज्ञ होता, त्यानं वाईट जखमी झालेल्या, शुद्धीवर असलेल्या सैनिकांना विचारलं की दुखणं थांबवायला औषध हवंय का, तर चारातल्या तिघांनी साधारण नको म्हटलं. मोठ्या जखमा होत्या, पण जिवंत सुटलो आणि आता घरी जायला मिळणार हा अर्थ त्या जखमेला होता. अर्थ बदलला की दुखणं बदलतं, आणि त्यामागे खरोखरची रसायनं असतात. एकत्र हालचालीचाही यात वाटा आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात वल्ही मारण्याच्या टीममधल्या मुलांवर 2009 मध्ये एक छोटा प्रयोग झाला, तीच मुलं, तेच वल्ही मारायचं मशीन, तेवढीच मेहनत, एकदा एकट्यानं आणि एकदा सगळ्यांनी एका तालात. नंतर दंडाला बीपीचा पट्टा आवळून बघितलं की कधी 'बस' म्हणतात, तर एका तालात वल्ही मारल्यावर त्यांची सहनशक्ती बरीच जास्त निघाली. वारीत काय असतं? टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर हजारो पावलं एकदम पडतात, तोंडात अभंग, बरोबर ओळखीच्या बायका, पुढे पंढरपूर. आईच्या मेंदूतली ही यंत्रणा तेवढे दिवस पूर्ण जागी असणार असं मला अगदी मनापासून वाटतं.

आणि घरी आल्यावर? ही द्रव्यं टिकाऊ नसतात, सुटली की एन्झाइम त्यांना तोडून टाकतात, एन्केफॅलिन तर काही मिनिटांतच संपतं. घरी ताल नाही, दिंडी नाही, आणि अडीचशे किलोमीटर चाललेले गुडघे मात्र तेच आहेत. म्हणून दोन गोष्टी करा. एक म्हणजे वारीहून आल्यावर एकदम पलंग धरू देऊ नका, रोज थोडं चालणं आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम चालू ठेवा, झिजलेल्या गुडघ्यांना चालणं मानवतं. जमलं तर भजनी मंडळात पाठवा, ते औषधच आहे. दुसरं, दुखणं जाणवलं नाही म्हणजे सांध्याला काही झालं नाही असं धरू नका, गुडघा सुजला, गरम लागला, रात्री झोपेतून जाग आणेल एवढा ठणकला तर ऑर्थोपेडिककडे न्या.

डोंबिवलीहून एक काका : आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. कंबर धरली की त्यांच्याकडे जातो, ते पाठीवर हात ठेवून दोन प्रश्न विचारतात, गोळी देतात आणि मी दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत बरं वाटायला लागतं. मुलगा फार्मा कंपनीत आहे, तो हसतो, म्हणतो बाबा तो प्लासिबो आहे, औषधाचा नाही, नुसत्या विश्वासाचा गुण. म्हणजे मला दुखतच नव्हतं का?

काका, दुखत होतं आणि खरंच कमीही झालं. गोळी पोटात विरघळून तिचा गुण जाणवायला साधारण अर्धा तास तरी लागतो, त्यामुळे जिन्यात वाटलं ते गोळीचं नाही हे मुलाचं बरोबर, पण त्यावरून तुम्ही मनाचे खेळ करताय असा अर्थ काढला तर ते चूक.

1978 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघांनी अक्कलदाढ काढलेल्या पेशंटना दुखण्याचं औषध म्हणून नुसतं बिनऔषधाचं इंजेक्शन दिलं. काहींचं दुखणं कमी झालं, काहींचं नाही, नेहमीसारखंच. मग पुढची पायरी त्यांनी अशी केली की नॅलोक्सोन दिलं, म्हणजे अफूच्या रिसेप्टरवर जाऊन बसणारं आणि दुसऱ्या कोणाला तिथं बसू न देणारं औषध. ज्यांना खोट्या इंजेक्शननं आराम पडला होता त्यांचं दुखणं परत वाढलं. नुसता भास असता तर नॅलोक्सोननं तो का मोडला असता? डॉक्टरांनी हात ठेवला, आता बरं होणार अशी खात्री वाटली, आणि त्या खात्रीनं मेंदूनं स्वतःची द्रव्यं सोडली. इटलीतल्या फाब्रिझिओ बेनेदेत्ती यांनी तर दाखवलंय की खरं मॉर्फिनसुद्धा मशीननं पेशंटला न सांगता गुपचूप दिलं तर कमी काम करतं, डॉक्टर समोर उभे राहून देतात तेव्हा जास्त. अल्झायमरमध्ये ज्यांच्या मेंदूचा पुढचा भाग निकामी होत गेलेला असतो त्यांच्यात हा वाढीव फायदा राहत नाही, कारण अपेक्षा करणारा भागच थकलेला असतो.

माझं स्पष्ट मत आहे की जो डॉक्टर दोन मिनिटं पेशंटकडे बघून बोलतो तो उपचाराचाच एक भाग करत असतो, आणि गर्दीच्या ओपीडीत तो भाग आपण गमावतोय याचं मला वाईट वाटतं. फक्त एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा. ही यंत्रणा दुखणं, मळमळ, बेचैनी अशा जाणवणाऱ्या गोष्टींवर चालते. जंतू मरत नाहीत, साखर उतरत नाही, गाठ विरघळत नाही. कंबरदुखीबरोबर पायात बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला किंवा कारण नसताना वजन उतरायला लागलं तर हाताचा गुण बाजूला ठेवून तपासण्या करा.

नाशिकहून एक आई : दीड वर्षाच्या मुलाला जुलाब झाले म्हणून डॉक्टरांनी ओआरएस, झिंक आणि रेसेकॅडोट्रिलची पावडर दिली. नेटवर वाचलं की ती शरीरातल्या अफूसारख्या द्रव्यावर काम करते. आता द्यायची भीती वाटतेय.

तू वाचलंस ते बरोबर आहे आणि तरी भीतीचं कारण नाही. वर गिनीपिगच्या आतड्याचं सांगितलं ना, तो तुकडा निवडला कारण आतड्यात या रिसेप्टरची गर्दीच आहे. आपल्या आतड्याच्या भिंतीत एन्केफॅलिन सतत थोडं थोडं सुटत असतं, ते आतड्यात पाणी झिरपणं कमी करतं, आणि एन्केफॅलिनेज नावाचं एन्झाइम त्याला लगेच तोडतं. रेसेकॅडोट्रिल त्या एन्झाइमला अडवतं, एवढंच. बाहेरून अफूसारखं काहीच जात नाही, बाळाचं स्वतःचं एन्केफॅलिन आतड्यात थोडा जास्त वेळ टिकतं, तेही मेंदूवर परिणाम न होता. पाणी कमी जातं पण आतड्याची हालचाल थांबत नाही, हा त्याचा मोठा गुण.

लोपेरामाइडचं तसं नाही. ती जुलाब थांबवायची गोळी घरात मोठ्यांसाठी आणलेली असते आणि घाईत कोणीतरी अर्धी करून पोराला देतं, असं अजिबात करू नका. ती थेट आतड्यातल्या रिसेप्टरवर बसून हालचालच थांबवते, लहान मुलांचं पोट फुगून आतडं ठप्प होऊ शकतं.

अफूबद्दलची तुझी धास्ती मात्र मला मोलाची वाटते, कारण मुंबईत गिरण्यांच्या काळात बायका बाळाला अफूची बाळगोळी देऊन पाळीवर जायच्या. बाळ झोपून राहायचं, दूध मागायचं नाही, रोडावत जायचं, आणि डोस थोडा चुकला की झोपेतच श्वास थांबायचा. त्या आयांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, 10-10 तासांची पाळी आणि घरी बघायला कोणी नाही. पण त्या गोळीत आणि तुझ्या पावडरीत फरक काय तो नीट कळू दे. शरीराची स्वतःची द्रव्यं ठिबकसारखी असतात, ज्या मुळाला हवं तिथंच थेंब आणि काम झालं की बंद, आणि बाहेरून दिलेली अफू म्हणजे बांध फोडून सगळ्या रानात सोडलेलं पाणी, ती दुखण्याच्या जागी जाते तशीच आतड्यात जाते आणि मेंदूच्या खोडातल्या श्वास चालवणाऱ्या केंद्रातही जाते. अफूनं माणूस मरतो तो बहुतेक वेळा याच एका कारणानं.

बाकी खरं काम ओआरएस आणि झिंकचंच आहे. पावडरीचा फायदा सगळ्या अभ्यासांत सारखा दिसलेला नाही, ती वरची मदत समज. झिंक जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण कर. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली, शौचात रक्त दिसलं किंवा पाणी पोटात टिकेना तर त्याच वेळी दवाखाना गाठ, सकाळची वाट बघू नकोस.

साताऱ्याहून एक आई : मुलगी 17 वर्षांची, धावपटू आहे. पहाटे यवतेश्वर घाटात पळते, संध्याकाळी ग्राउंड. पाच महिने पाळी आली नाही. कोच म्हणतात मेहनत करणाऱ्या मुलींचं असं होतं. तिला विचारलं तर म्हणते पळाल्यावर एंडॉर्फिन येतात, मस्त वाटतं, मला काही झालेलं नाही.

तिच्या एंडॉर्फिनबद्दल आधी बोलू कारण हे सगळीकडे ऐकायला मिळतं. पळाल्यावर रक्तात बीटा-एंडॉर्फिन वाढतं हे खरं, पण रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहजासहजी शिरत नाही, मधे गाळणी असते, आणि मेंदूत स्वतःत तयार होतं ते वेगळं. 2008 मध्ये जर्मनीत धावपटूंचे मेंदू पेट स्कॅनमध्ये बघितले तेव्हा दोन तास पळाल्यानंतर मेंदूतही ही द्रव्यं सुटल्याच्या खुणा दिसल्या, तेव्हा वाटलं झालं, उत्तर मिळालं. पण 2021 मध्ये तिथल्याच दुसऱ्या अभ्यासात धावपटूंना नाल्ट्रेक्सोन देऊन हे रिसेप्टर आधीच बंद केले आणि पळायला लावलं, तरी तो आनंद आलाच! म्हणजे त्या मस्त वाटण्यामागे बहुधा शरीरातली गांजासारखी द्रव्यं जास्त आहेत. एंडॉर्फिनचा हात दुखणं दाबण्यात आहे, आणि तुमच्या मुलीच्या बाबतीत मला काळजी नेमकी त्याचीच वाटते.

पाळीचं चक्र मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून चालतं, तिथून ठरावीक ठेक्यात जीएनआरएच नावाचं हार्मोन सुटतं. शरीरातली अफूद्रव्यं, खास करून डायनॉर्फिन आणि एंडॉर्फिन, त्या ठेक्याला ब्रेक लावतात. रोजच्या चक्रात हा ब्रेक लागतोच आणि लागायलाच हवा. पण मेहनत प्रचंड, खाणं त्या मानानं तोकडं आणि वर ताण असं महिनोन्‌महिने चाललं की मेंदू हिशोब करतो की या शरीराला आत्ता गरोदरपण परवडणार नाही, आणि ठेका मंदावतो. यात उपासमारीची खबर देणारी दुसरी हार्मोनंही असतात, एकट्या एंडॉर्फिनवर खापर फोडू नका.

कोच म्हणतात 'असं होतं'. होतं हे खरं, पण होऊ द्यायचं नसतं. पाळी बंद म्हणजे इस्ट्रोजेन, हाडांना जपणारं हार्मोन, कमी, आणि 17 व्या वर्षी हाडं भरायची असतात तेव्हाच ती पोकळ व्हायला लागतात. मग नडगीत किंवा पावलाच्या हाडात बारीक तडा जातो, पळताना दुखणं दबलेलं असतं म्हणून पोरगी पळतच राहते. तीन महिने पाळी चुकली की दाखवायला हवं होतं, आता याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. त्या प्रेग्नन्सी टेस्टही सांगतील, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन बघतील, प्रेग्नन्सी टेस्टचं नाव ऐकून चिडू नका, तो तपासणीचा नेहमीचा क्रम आहे. आणि ताटात वाढवा. भाकरी, भात, डाळ, तूप, अंडी, शेंगदाणे, दूध, सरावाच्या आधी आणि सराव संपल्या संपल्या. पळणं कायमचं बंद करायची वेळ सहसा येत नाही, खाणं आणि विश्रांती सुधारली की बऱ्याच मुलींची पाळी परत सुरू होते, काही महिने लागतात.

यवतमाळहून एक ताई : नवऱ्याची दारू सुटावी म्हणून डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोन सुरू केलंय. त्यांनी मधे एकदा घेतली, पण म्हणाले पहिल्यासारखी मजा नाही आली. हे औषध दारूची उलटी करवणारं आहे का? सासूबाई म्हणतात जेवणात मिसळून दे म्हणजे रोज जाईल.

ताई, मजा नाही आली हे त्यांनी सांगितलं ना, ती फार चांगली खूण आहे. दारू पोटात गेली की मेंदूतल्या सुखाच्या केंद्रांमध्ये एंडॉर्फिन सुटतं, 2012 मध्ये कॅलिफोर्नियात स्कॅनवर हे माणसांमध्येच बघितलंय. पहिल्या घोटानंतरचं 'वाऽ' त्यातून येतं आणि 'अजून एक' हेसुद्धा त्यातूनच. नाल्ट्रेक्सोन त्या रिसेप्टरवर बसून राहतं, दारू येते, एंडॉर्फिन सुटतं, पण त्याला बसायला जागा नसते. अमेरिकेत 1994 पासून हे दारूसाठी मान्य औषध आहे. सगळ्यांना सारखं लागू पडत नाही, पण ज्यांना पडतं त्यांच्यात एका पेगवरून बाटलीवर जाणं कमी होतं.

उलट्या करवणारं औषध वेगळं, ते डायसल्फिराम, त्यावर दारू प्यायली की चेहरा लाल, छाती धडधड, उलट्या, कधी कधी जिवावर बेततं. ते लपवून देणं तर धोक्याचं आहेच, पण नाल्ट्रेक्सोनसुद्धा जेवणात मिसळून देऊ नका. सासूबाईंचा जीव तुटतोय हे कळतं मला, पण यांना अपघात झाला आणि हॉस्पिटलमध्ये मॉर्फिन किंवा त्याच जातीचं पेनकिलर ट्रॅमाडॉल द्यायची वेळ आली तर ते लागूच पडणार नाही, आणि डॉक्टरांना कारण कळणार नाही. आधीपासून ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांची सवय असेल तर नाल्ट्रेक्सोननं अचानक भयंकर त्रास सुरू होतो. म्हणून त्यांना माहीत हवं, आणि त्यांच्या पाकिटात गोळीचं नाव लिहिलेली चिठ्ठी हवी. ऑपरेशन ठरलं तर आधी सांगायचं. लिव्हरच्या टेस्ट डॉक्टर सांगतील तेव्हा करायच्या.

अजून दोन गोष्टी. मजा कमी झाली तरी झिंग कमी होत नाही, तोल आणि भान तसंच जातं, त्यामुळे घेतलेली असताना गाडी नाहीच. आणि रोज भरपूर पिणाऱ्यानं एका रात्रीत बंद केली तर हात थरथरणं, फिट येणं, भास होणं असं दोन-तीन दिवसांत होऊ शकतं, त्यावर नाल्ट्रेक्सोनचा उपयोग नाही, तेव्हा अ‍ॅडमिटच करायला लागतं.

सहा-सात महिन्यांनी ते 'बंद केलीय पण कशातच राम वाटत नाही' असं म्हणाले तर त्यांना आळशी समजू नका. बरीच वर्षं प्यायल्यावर मेंदूत डायनॉर्फिनचं राज्य वाढलेलं असतं, आणि डायनॉर्फिन ज्या रिसेप्टरवर बसतं त्यातून सुख नाही, उदासी आणि अस्वस्थपणा येतो. ते ओसरायला महिने जातात. याच काळात माणसं परत पितात, सुखासाठी नाही, ती उदासी टाळायला. व्यसनमुक्तीच्या गटात त्यांचं जाणं तेव्हा तुटू देऊ नका.

पुण्याहून एक दादा : साध्या दुधात 'केसोमॉर्फिन' म्हणजे अफू असते, म्हणून ए-टू दूध (देशी गायीचं म्हणून महाग विकतात ते) घ्या असा मेसेज फिरतोय. आणि 'एंडॉर्फिन बूस्टर' गमीज मिळतात, त्या घ्याव्यात का?

दुधातलं केसिन नावाचं प्रथिन पचताना त्याचे अफूसारखे वागणारे तुकडे पडतात हे 1979 पासून माहीत आहे. पण आतड्यात ते पुढे तुटतात, आणि 2009 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं सगळे पुरावे तपासून या तुकड्यांचा आजारांशी संबंध सिद्ध होत नाही असं सांगितलं. परवडतं आणि चव आवडते तर ए-टू घ्या, भीतीपोटी दुप्पट पैसे देऊ नका. गमीजमधून मेंदूत एंडॉर्फिन वाढतं याला आधार नाही, ते पैसे वाचवा. त्याऐवजी मित्रांबरोबर बसून पोट दुखेपर्यंत हसा, 2017 मध्ये फिनलंडमध्ये मित्रांसोबत अर्धा तास विनोदी क्लिप बघणाऱ्यांच्या मेंदूत ही द्रव्यं सुटलेली स्कॅनवर दिसलीत. मुंबईत 1995 मध्ये एका बागेत पहिला हास्यक्लब सुरू झाला तेव्हा हे कोणी मोजलेलं नव्हतं.

ठाण्याहून एक आजी : नातवाला दीड महिन्याची लस देताना नर्सनं सुनेला बाळाला अंगावर पाजत ठेवायला सांगितलं. आमच्या वेळी तर लांब धरायचे. यानं काय होतं?

खूप चांगलं केलं त्या नर्सनं. अंगावर पिताना सुई टोचली तर बाळं कमी रडतात, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. उंदरांच्या पिल्लांमध्ये गोड चवीनं दुखणं कमी होतं आणि अफूचे रिसेप्टर बंद केले की तो फायदा जातो, म्हणजे गोडाचा परिणाम याच यंत्रणेतून होतो. आईची ऊब, चोखणं, दुधाची गोडी, सगळंच कामाला येतं. पण गोड चव म्हणून मध चाटवू नका आजी, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम नावाची जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

सोलापूरहून एक मुलगा : बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. अंगाला इतकी खाज सुटते की रात्रभर पाठ खाजवत बसतात, अंगावर पुरळ काहीच नाही. त्वचारोगवाल्यांची मलमं झाली, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या झाल्या. याचा या विषयाशी काही संबंध आहे का?

आहे आणि फार जवळचा आहे, बरं झालं विचारलंस. ज्यांना ऑपरेशनच्या वेळी पाठीत मॉर्फिन देतात त्यांना नंतर नाकाला, तोंडाला खाज सुटते हे भूलतज्ज्ञ रोज बघतात. मॉर्फिन ज्या रिसेप्टरवर बसतं तो म्यू, तो दुखणं दाबतो पण खाज वाढवतो. डायनॉर्फिन बसतं तो कॅप्पा, तो खाज दाबतो. डायलिसिसवरच्या माणसांमध्ये या दोघांचा तोल बिघडतो असं मानलं जातं. त्यावरून नवी औषधंही आलीत, जपानमध्ये 2009 ला नालफ्युराफिन आणि अमेरिकेत 2021 ला डिफेलिकेफालिन, दोन्ही कॅप्पावर काम करणारी, दुसरं तर डायलिसिसच्या शेवटी मशीनच्या नळीतूनच देतात. अ‍ॅलर्जीच्या गोळ्यांनी बाबांना फरक पडला नाही कारण ही खाज बहुतेक करून हिस्टामिनची, म्हणजे अ‍ॅलर्जीत सुटणाऱ्या द्रव्याची, नाहीच, त्या गोळ्यांनी फार तर झोप येते.

बाबांना पुरळ नाही म्हणून कोणी 'मनाचं आहे' म्हणालं असेल तर ते डोक्यातून काढून टाका. पुढच्या डायलिसिसला जाशील तेव्हा नेफ्रॉलॉजिस्टना खाजेबद्दल मुद्दाम सांग, बरेच पेशंट हे सांगतच नाहीत, त्यांना वाटतं ही कातडीची तक्रार आहे, किडनीवाल्यांना काय सांगायची. फॉस्फरस आणि पॅराथायरॉइडचे रिपोर्ट बघायला सांग, डायलिसिस पुरेसं होतंय का ते विचार. गॅबापेंटिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध अगदी कमी डोसमध्ये डायलिसिसनंतर देतात, अनेकांना त्यानं झोप लागते, पण किडनी बंद असताना ते अंगात साचतं, म्हणून दुसऱ्या कोणाच्या चिठ्ठीवरचा डोस बघून घरी सुरू करू नकोस. आंघोळीला कडक पाणी नको, कोमट घ्या, आणि अंग ओलसर असतानाच साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल लाव. नखं बारीक कापून ठेव, फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसची सुई टोचतात त्या हातावर ओरखडा पडून तिथं जंतू शिरले तर डायलिसिसचीच पंचाईत होईल.